हवा न धरणारी रायफल

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर हे लिहून होईपर्यंत आमच्या भागाबाई दहा वेळा खांद्यावरून डोकावतील आणि विचारतील, "ते लिहिलं का?" लिहिलं, बाई. आता मला हिलाल नानांबद्दल लिहू द्या.

हिलाल नाना पहूरचे. पहूर म्हणजे भागाबाईंचं माहेर, आणि म्हणून मी त्या गावाचा जावई. बसस्थानकासमोरच्या कडुनिंबाखाली नानांचं पत्र्याचं दुकान होतं. तिथे ते फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. कपाशीवर बोंडअळी पडली की दुकानासमोर पंपांची रांग लागायची आणि पंपवाले शेतकरी लिंबाखाली तंबाखू मळत बसायचे. नाना मूळचे धुळ्याकडचे. सासुरवाडीला चार दिवस म्हणून आले आणि तिथेच राहिले. पहूरची बोली निराळी, पण पस्तीस वर्षांत नानांची अहिराणी काही सुटली नाही. पोरंसोरं त्यांची नक्कल करायची आणि नाना स्वतःच सगळ्यात जास्त हसायचे.

त्यांची काम करण्याची एक पद्धत होती. पंप समोर आला की ते पान्याला हात लावत नसत. आधी पंपवाल्याला समोर बसवायचे आणि विचारायचे, "बंद पडाना आधी काय करं व्हतं?" माणूस हमखास म्हणायचा, काहीच नाही केलं. मग नाना चष्म्याची दोरी कानामागे सारखी करायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. तिसऱ्यांदा विचारलं की खरं बाहेर यायचं. कोणी पंपात रॉकेल ओतलेलं असायचं, कोणी उन्हात वाळत घातलेला असायचा. भागाबाई सांगतात, गावात कोणाचं काही हरवलं तरी लोक पोलिसपाटलाआधी नानांना विचारायचे.

मी पितांबर झोपे. वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात होतो. माझ्या हातून पास झालेली वस्तू कधी परत आली नाही, हे मी अभिमानाने सांगतो. निवृत्त झालो, भुसावळला घर बांधलं, आणि आमच्यासारखेच पाच-सहा पेन्शनर जमवून एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात रायफल क्लब काढला. दहा मीटरची रेंज, समोर वाळूच्या गोण्यांची भिंत, आणि दारातून आत शिरताच डोळ्यांत भरेल असा काळा फळा. त्यावर मी स्वतः पांढऱ्या ऑइलपेंटने सहा नियम लिहिले होते. फळ्याखाली सेक्रेटरीची खुर्ची. त्या खुर्चीवर माझ्याशिवाय कोणी बसत नसे. तसा नियम नव्हता, पण कोणी बसत नसे.

नियमांपैकी तीन इथे सांगितले पाहिजेत. पहिला, रायफलचं तोंड कायम वाळूकडे. दुसरा, रायफलला कुठलंही काम करण्याआधी घोडा उतरवा, म्हणजे बार काढायला ताणून ठेवलेला असेल तर सैल करा. तिसरा, रायफलच्या तोंडापुढे कोणीही जायचं नाही, ती रिकामी असली तरी. कारखान्यात ज्यांनी एकतीस वर्षं काढली त्यांना हे नियम फळ्यावर वाचावे लागत नाहीत. ते अंगात मुरलेले असतात.

आमच्याकडे नेम मारणारं खरं माणूस एकच होतं, सुनंदाबाई. शाळेत खेळाच्या बाई होत्या. वय छत्तीस, घरी सासूसासरे, दोन मुलं, मोठी मुलगी पुढच्या वर्षी दहावीला. शाळा सुटली की सायकलवर यायच्या, तासभर नेम धरायच्या आणि घरी जाऊन भाकरी टाकायच्या. राज्य स्पर्धेला जायचं तर धुळ्याच्या विभागीय स्पर्धेत चारशेपैकी साडेतीनशे लागायचे. दोन वर्षं त्या थोडक्यात हुकल्या होत्या. एकदा तीनशे सेहेचाळीस, एकदा तीनशे अठ्ठेचाळीस. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "झोपेसाहेब, हे शेवटचं. पुढच्या वर्षी मुलीची दहावी. मग काही मी येणार नाही."

आणि त्याच वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, आम्हाला ती रायफल मिळाली.

जळगावच्या एका सद्गृहस्थांचे चिरंजीव परदेशातून कायमचे परत आले. त्यांनी आपली दहा-बारा वर्षं वापरलेली रायफल क्लबला देऊन टाकली. आमच्या जुन्या रायफली नळी मोडून स्प्रिंग दाबायच्या, बार काढला की खांद्यात धक्का द्यायच्या. ही तशी नव्हती. हिच्या नळीखाली एक टाकी होती. त्यात आधीच दाबून हवा भरून ठेवायची. घोडा चढवून चाप ओढला की आतला हातोडा टाकीच्या झडपेवर आपटायचा, झडप क्षणभर उघडायची, हवेचा एक घोट सुटायचा आणि छर्रा जायचा. धक्का म्हणून नाही. सुनंदाबाईंनी पहिल्याच दिवशी दहा छर्रे मारले आणि रायफल गालाशी तशीच धरून उभ्या राहिल्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "काही नाही साहेब. ही माझं ऐकते."

सोबत हवा भरायचा पंपही होता. दिसायला सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ. बुडाशी पाय ठेवून दोन्ही हातांनी दाबायचा. पायाजवळ दाब दाखवणारा काटा. पाच महिने आम्ही असंच करायचो. काटा शंभरापर्यंत उतरला की पुन्हा दीडशेच्या वर न्यायचा. शेवटचे दहा-पंधरा दट्टे मारताना आमच्या रुपचंदला बोलवावं लागायचं. रुपचंद आमचा खजिनदार, पूर्वी लेथवर होता, आणि त्याचं नव्वद किलो वजन क्लबच्या उपयोगी पडायचं ते फक्त इथे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. सुनंदाबाई सरावात साडेतीनशेच्या पुढे जाऊ लागल्या. मी मनातल्या मनात त्यांना राज्य स्पर्धेला पाठवूनसुद्धा टाकलं होतं.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा म्हणजे पूजा. शेतकऱ्याच्या घरी विळा-कोयता, आमच्याकडे रायफली. आणि भरलेलं हत्यार पूजेला ठेवायचं नाही, हे मी कारखान्यात शिकलो होतो. म्हणून मी ती परदेशी रायफल वाळूकडे धरली आणि छर्रा न घालता चाप ओढत राहिलो. फस्, फस्, फस्. शेवटी आवाज येईना तेव्हा थांबलो. घोडा उतरलेला, टाकी रिकामी, सगळं नियमात. भागाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याला सोनं वाटलं. मी खूष.

शुक्रवारी गांधी जयंतीची सुट्टी म्हणून सुनंदाबाई सकाळीच आल्या. अहिंसेच्या दिवशी रायफल भरायला घेतली आणि ती काही केल्या हवा धरेना. दट्ट्या दाबला की काटा उठायचा, दट्ट्या वर केला की काटा खाली बसायचा. पन्नास दट्टे, शंभर दट्टे, रुपचंद घामाघूम झाला. काटा शून्यावर. धुळ्याची स्पर्धा नऊ दिवसांवर होती.

रुपचंदने हवा भरायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि आत बोट घालून दाखवलं. बोटाला कुंकू.

झालं! मी तडक घरी गेलो आणि भागाबाईंवर तोंड सोडलं. "एवढ्या लाखमोलाच्या वस्तूत हळदकुंकू ओततात का? ती काय तुळस आहे?" त्या भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, "मी वरून वाह्यलं, आत नाही ओतलं. तुमी झाकण उघडं ठेवलं असंल तं मले काय माहीत?" मी म्हटलं, मी झाकण उघडं ठेवत नाही. हे म्हणालो आणि त्याच क्षणी मला आठवलं, ठेवलं होतं. पण ते काही मी कबूल केलं नाही.

पुढचे चार दिवस आम्ही ते हवा भरायचं तोंड तीनदा खोललं. कुंकू पुसलं. रबरी कड्या बदलल्या. जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधले, एक बुडबुडा आला नाही. दर वेळी काम सुरू करण्याआधी घोडा उतरवलेला आहे ना हे मी स्वतः तपासायचो. दर वेळी काटा उठायचा आणि बसायचा. सुनंदाबाई रोज सायकलवर यायच्या, उभ्या राहायच्या, जुन्या रायफलवर थोडा हात मारायच्या आणि घरी जायच्या. त्यांच्या हाताला आता त्या नव्या रायफलची सवय झाली होती. जुनीवर तीनशे तीससुद्धा होईनात. त्यांचं तोंड बघवत नव्हतं. आणि मला राग येत होता कुंकवाचा, पंपाचा, रुपचंदच्या घामाचा, सगळ्याचा.

मंगळवारी संध्याकाळी भागाबाई म्हणाल्या, "आमच्या हिलाल नानाले बोलवा. पंपाचं काम हाये ना? मंग."

मी हसलो. परदेशी रायफल, आणि बोंडअळीचा पंप दुरुस्त करणारा माणूस! पण बुधवारी दुपारी नाना दारात हजर. भागाबाईंनी शेजारच्या किराणा दुकानातून पहूरला फोन लावून निरोप दिला होता. पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी, कानामागे चष्म्याची दोरी. "राम राम, जवाईबापू," म्हणाले. "कशी शे ती तुमनी बंदूक? दखाडा."

क्लबात सगळे जमले होते. सुनंदाबाईही शाळेतून अर्धी रजा टाकून आल्या होत्या. नाना आत आले, रायफलकडे नुसतं पाहिलं, हात लावला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "बंद पडाना आधी काय करं व्हतं?"

आता काय सांगू? कुंकवाचं सांगितलं तर झाकणाचं सांगावं लागणार. मी म्हटलं, "काही केलं नाही. इथे सगळं नियमाने चालतं." आणि फळ्याकडे बोट दाखवलं. नानांना वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी दाखवलं.

नाना पुन्हा काही विचारणार होते, पण मी म्हटलं, काय बघायचं ते लवकर बघा. तेव्हा त्यांनी सुनंदाबाईंना सांगितलं, "बेटा, तू हवा मार." त्या दट्टे मारू लागल्या. नाना पिशवीतून वर्तमानपत्राचा तुकडा काढून त्याची पट्टी फाडत होते. आधी त्यांनी ती पट्टी भरायच्या तोंडाशी धरली. मग चापाजवळ. मग सरळ पुढे गेले, वाळूच्या भिंतीपुढे, आणि वाकून पट्टी रायफलच्या तोंडासमोर धरली.

एकतीस वर्षांत माझ्यासमोर असं कोणी केलं नव्हतं. माझ्या डोक्यात सणक गेली. मी ओरडलो, "अहो, तोंडापुढून व्हा बाजूला! अक्कल आहे का? या अडाणी माणसाला आत कोणी सोडलं? बाहेर व्हा! आधी बाहेर व्हा!"

गोदाम रिकामं, त्यामुळे आवाज घुमला. सुनंदाबाईंचे हात पंपावर थांबले. नाना सरळ झाले. पट्टी घडी करून खिशात ठेवली, पिशवी खांद्याला लावली. एवढंच म्हणाले, "कागद हालना," आणि गेले. भागाबाईंनी त्यांच्यासाठी पुरणपोळी केली होती. ते घरी न जाता सरळ बसस्थानकावर गेले.

संध्याकाळी भागाबाईंनी ताट वाढलं. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी. एक शब्द नाही. मी म्हटलं, मीठ कमी आहे. मिठाचा डबा समोर आला. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माझ्याशी भांडल्या, रुसल्या, माहेरी निघून गेल्या. पण गप्प कधी राहिल्या नव्हत्या.

सकाळी चहा पिताना ते दोन शब्द डोक्यात आले. कागद हालना. कागद हलला! पट्टी धरली होती रायफलच्या तोंडाशी, आणि ती हलली. मी चहा अर्धा टाकून क्लबात गेलो, रुपचंदला घरून उठवून नेलं. त्याला म्हटलं, दट्टे मार. पण मी काही तोंडापुढे जाणार नव्हतो. माझ्याच्याने ते होईना, शपथ. कोपऱ्यातला लांब बांबू घेतला, त्याच्या टोकाला कागदाची पट्टी बांधली आणि बाजूला उभा राहून ती रायफलच्या तोंडापुढे नेली. रुपचंद दट्टा मारायचा, पट्टी फडफडायची. दट्टा मारायचा, फडफडायची. म्हणजे आम्ही पाच दिवस मागचं तोंड खोलत होतो आणि हवा पुढच्या तोंडातून सरळ बाहेर जात होती. फळ्यावरच्या तिसऱ्या नियमामुळे तिकडे कोणी बघितलंच नव्हतं.

रुपचंद म्हणाला, "पण का जातेय?" ते मला कळेना. कळणारा माणूस मी हाकलून दिला होता.

साडेनऊच्या गाडीने निघालो. जामनेरवरून पहूर. दीड-दोन तास मी खिडकीत बसून काय बोलायचं ते जुळवत होतो आणि एकही वाक्य जुळत नव्हतं. माफी मागायची सवय नसली की असं होतं.

दुकानासमोर आठ-दहा माणसं आणि पंधरा पंप. मला पाहताच नाना उठले, खांद्यावरच्या पंच्याने स्टूल पुसलं. "या, जवाईबापू, बसा. ए, जवाईले च्या सांग रे." जसं काल काही झालंच नाही. लोकही सरकून बसले. गावचा जावई आला होता. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी उभ्यानेच म्हणालो, "नाना, काल मी फार वाईट बोललो. चारचौघांत बोललो. माझं चुकलं." सगळ्यांच्या माना वर झाल्या. नाना म्हणाले, "बसा हो. च्या थंडा व्हई."

मी बसलो. तेवढ्यात मगन नावाचा एक शेतकरी पंप घेऊन तणतणत पुढे आला. "नाना, पंप मेला. शंभर दट्टे मारले, दाब म्हणून धरत नाही. सकाळचं औषध वाया गेलं!"

नाना म्हणाले, "बंद पडाना आधी काय करं व्हतं?"

"काही नाही केलं. रोज करतो तसंच केलं."

माझेच शब्द. नानांनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. मग मगन म्हणाला, काल संध्याकाळी टाकी पुरी रिकामी केली, खटका दाबून सगळं औषध उडवलं आणि पंप खुंटीला अडकवला. नाना पंपाची नळी हातात घेऊन मला दाखवू लागले. नळीच्या टोकाला फवारायचा खटका असतो, आणि तो दाबलेला राहावा म्हणून त्याला एक छोटी कडी असते. मगनने काल ती कडी लावली होती आणि सोडायची विसरला होता.

"दखा," नाना म्हणाले. "पंपले काय व्हयेल नही. खटका दाबेल शे. आठून भरस, तठून जास." त्यांनी कडी सोडली, चार दट्टे मारले, टाकीला कान लावला. "आते बोलस." मगन लाजून पंप घेऊन गेला.

मग नानांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमनी बंदूकना खटका कथा शे?"

"घोडा असतो," मी म्हटलं. "आत हातोडा असतो, तो झडपेवर आपटतो."

"आते तो कसा शे?"

"उतरवलेला. नियमच आहे तसा."

"उतारेल म्हंजे? कशावर टेकेल शे?"

कशावर टेकलेला असणार? झडपेवर! टाकीत हवा असली की ती हवाच झडप आतून घट्ट लावून धरते, हातोडा टेकला तरी फरक पडत नाही. पाच महिने टाकी कधी रिकामी झालीच नव्हती. पण टाकी पुरी रिकामी असली की झडप धरायला आत काहीच नाही. हातोडा तिला रेटून उघडी ठेवतो आणि आपण भरलेली हवा नळीतून सरळ पुढे. आणि टाकी रिकामी केली कोणी? मी. खंडेनवमीला. फस्, फस्, फस्. त्यानंतर दर वेळी भरण्याआधी घोडा उतरवलेला आहे ना, हे तपासलं कोणी? तेही मीच. बिचारं कुंकू उगाच बदनाम झालं.

मी तिथेच सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं. पूजा, रिकामी टाकी, उघडं झाकण, भागाबाईंवर फोडलेलं खापर. लिंबाखाली असा हशा उसळला की बसस्थानकावरचे लोक बघू लागले. नाना डोळे पुसत म्हणाले, "ते माले कालच सांगाले पाहिजे व्हतं, जवाईबापू. आते जा, घोडा चढावा आनि भरा. मन्हं काय काम तठे?"

मी म्हटलं, "नाही नाना. मी तुम्हाला ज्यांच्यासमोर बाहेर काढलं त्यांच्यासमोर तुम्ही आलं पाहिजे. नाही आलात तर मी इथून उठत नाही." ते म्हणाले, पंपांची रांग आहे. मी म्हटलं, संपेपर्यंत बसतो. आणि बसलो. दुपारभर मी त्यांना पाने उचलून दिले. एकतीस वर्षांचा तपासणी अधिकारी बोंडअळीच्या पंपांचे वायसर धुवत होता, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी नाना क्लबात आले. सगळे होते. भागाबाईही होत्या. मी त्यांना मुद्दाम आणलं होतं. सगळ्यांसमोर आधी नानांची आणि मग भागाबाईंची माफी मागितली. भागाबाई म्हणाल्या, "पुरे झालं आता, हवा भरा." दोन दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला.

रायफलमध्ये छर्रा नाही हे मी दोनदा तपासलं. तोंड वाळूकडे. मग नानांच्या सांगण्यावरून, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, काम सुरू करण्याआधी घोडा चढवला. सुनंदाबाई पंपावर. "सुरवातले जोरमा मार, बेटा," नाना म्हणाले. पाच-सहा दट्टे, आणि आत कुठेतरी टक् असा बारीक आवाज आला. झडप बसली. काटा उठला आणि उठलेलाच राहिला. चाळीस. साठ. शंभर. नानांनी खिशातून तीच घडी केलेली पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती बांबूला लावून पुढे नेली. पट्टी हलली नाही. शेवटचे दट्टे रुपचंदने मारले आणि सुनंदाबाई चक्क रडू लागल्या. "अहो, अजून धुळे बाकी आहे," मी म्हटलं.

रविवारी रुपचंदच्या भाच्याच्या जीपने धुळ्याला गेलो. सुनंदाबाईंनी चाळीस छर्रे मारले. मी पाठीमागे बसून त्यांच्या वेणीकडे बघत होतो, कारण समोर बघायची माझी हिंमत नव्हती. मग कागद मोजायला तासभर. तो तास मी कसा काढला ते मलाच माहीत. शेवटी एका कारकुनाने यादी भिंतीला लावली. सुनंदाबाई पुढे गेल्या, वाचलं, परत येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तीनशे चौपन्न," म्हणाल्या. मी टोपी काढून हवेत फेकली. या वयात.

परत आल्यावर सगळ्यात आधी मी फळ्याला हात घातला. सहा नियमांखाली सातवा लिहिला. अक्षर जरा वाकडं आलं, कारण जागा कमी होती. दुसऱ्याच दिवशी नानांना बोलावलं. सुनंदाबाईंनी पेढे आणले, आणि धुळ्याच्या कागदांपैकी एक, मधोमध भोकं पडलेला, नानांना दिला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. "कितला लांबून?" सुनंदाबाईंनी रेंज दाखवली. "आठून तठे? बस? इतलासा पल्ला?" म्हणून इतके हसले की चष्मा घसरला. पण कागद जपून पिशवीत ठेवला.

मग त्यांचं लक्ष फळ्याकडे गेलं. "हाई ओलं कसं दिखी ऱ्हायनं? नवं काय लिखं?"

भागाबाई पुढे झाल्या आणि मोठ्याने वाचलं. "नियम सातवा. टाकी रिकामी असल्यास हवा भरताना घोडा चढवलेला असावा. हिलाल नाना, पहूर, यांच्या आज्ञेवरून."

नाना फळ्याजवळ गेले. त्या अक्षरांकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं एकही अक्षर कळत नव्हतं. त्यांनी भागाबाईंना विचारलं, "मन्हं नाव कोठे शे?" भागाबाईंनी बोट ठेवून दाखवलं. नानांनी त्या ठिकाणी हात नेला, पण रंग ओला म्हणून टेकवला नाही. डोळे भरले होते. मग माझ्याकडे वळले आणि गालात हसू आणून म्हणाले, "आनि तो तिसरा नियम? तोंडापुढे जावानं नही, तो शे का अजून?"

"तो आहेच," मी म्हटलं.

"मंग सांगा, जवाईबापू. मी आत थांबू का बाहेर व्हऊ?"

सगळे हसायला लागले, भागाबाई तर पदर तोंडाला लावून. मला मात्र हसता येईना. मी फळ्याखालची खुर्ची ओढली, रुमालाने पुसली आणि नानांना हाताला धरून तिच्यावर बसवलं. मी त्यांच्या शेजारी वाळूच्या गोणीवर बसलो. सुनंदाबाईंनी पेढ्यांचा पुडा आमच्यामध्ये ठेवला.